मुख आणि मुखपृष्ठ

दसरा उलटून आश्विन सरत आला की पुस्तकांच्या दुकानांतून दिवाळी अंक येऊ लागतात. रत्नागिरीची बाजारपेठ असो की मुंबई-पुण्याचा एखादा पदपथ, दृश्य एकच. अंक ओळीने मांडलेले असतात, गिऱ्हाईक येते, क्षणभर थबकते आणि त्या ओळीतला एखादा अंक उचलते. त्याला विचाराल तर तो सांगेल की आपण लेखकांची नावे पाहून अंक घेतो. त्याचे सांगणे खोटे नसते. पण नावे वाचण्याच्या आधीच त्याच्या डोळ्यांनी एक निवड उरकलेली असते. त्या ओळीत देवळाचे चित्र असते, फुलांची रांगोळी असते, नुसत्या रेषांची नवी रचनाही असते. डोळा मात्र या सगळ्यांना वळसा घालून प्रथम जातो तो कोणाच्या तरी चेहऱ्याकडे, आणि चेहऱ्यातही डोळ्यांकडे.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी फराळाच्या ताटाइतकीच अंकांच्या चवडीनेही साजरी होऊ लागली. या अंकांतल्या कथांवर, कवितांवर आपण पुष्कळ लिहिले. मुखपृष्ठावर मात्र कौतुकाची दोन वाक्ये किंवा नाक मुरडल्याचा एक उद्गार, याच्या पलीकडे आपली टीका सहसा जात नाही. आणि तरीही भाषेने आपले काम चोख केले आहे. इंग्रजीत या पानाला आवरणाचे, झाकणाचे नाव आहे. आपण त्याला मुख म्हटले. झाकणारी वस्तू निराळी आणि समोरून आपल्याकडे पाहणारी वस्तू निराळी. ही दुसरी वस्तू आपल्यावर नेमके काय करते, आणि तिचा बरावाईटपणा कोणत्या मापाने मोजावा, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

चेहऱ्याची ही ओढ शिकवलेली नाही. इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी जन्मून तासही न झालेल्या अर्भकांपुढून चेहऱ्यासारखी आकृती काढलेली पाटी हळूहळू सरकवली. पुढे त्याच नाकडोळ्यांच्या खुणा विस्कटून काढलेली दुसरी पाटी सरकवली. पहिल्या पाटीमागे मुलांनी मान आणि डोळे अधिक दूरवर वळवले. हे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००२ साली असेही दिसून आले की, दोन ते पाच दिवसांच्या बाळांना दोन चेहरे दाखवले, एक समोर पाहणारा आणि एक नजर बाजूला वळवलेला, तर ती समोर पाहणाऱ्याकडे अधिक वेळ पाहतात. आपल्या घरातल्या आजीला याचे नवल वाटणार नाही. बारशाच्या आधीच बाळ आपल्याला ओळखते असे ती छातीठोकपणे सांगत असते, आणि शास्त्राने तिच्या म्हणण्यातला अर्धा भाग तरी मान्य केला आहे. बाळ तिला ओळखत नसेलही. पण कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे हे त्याला कळते.

मोठेपणीही हा खोडसाळ डोळा सुधारत नाही. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस याने चित्र पाहणाऱ्या माणसाच्या बुबुळांची हालचाल टिपण्याचे यंत्र बनवले आणि त्यावरचा त्याचा ग्रंथ १९६५ साली रशियनमध्ये व १९६७ साली इंग्रजीत निघाला. त्याने रेपिन या चित्रकाराचे एक प्रसिद्ध चित्र वापरले होते. बऱ्याच काळानंतर, ध्यानीमनी नसताना एक माणूस घराच्या दारात उभा राहिला आहे आणि घरातली माणसे त्याच्याकडे पाहत आहेत, असा त्याचा विषय. पाहणाऱ्यांचे डोळे भिंतीवरून, जमिनीवरून भराभर सरकत आणि पुन्हा पुन्हा चेहऱ्यांवर येऊन बसत. पण यार्बुसच्या प्रयोगातला खरा अर्थपूर्ण भाग पुढेच आहे. त्याने त्याच माणसाला तेच चित्र निरनिराळे प्रश्न देऊन पाहायला लावले. या माणसांची वये सांगा म्हटले की डोळे चेहऱ्यांवर खिळत. हे घर कितपत सुस्थितीत आहे ते सांगा म्हटले की ते कपड्यांवरून, सामानावरून हिंडत. म्हणजे चेहरा डोळ्याला पकडतो हे खरे, पण पाहणारा जर मनात एखादा प्रश्न घेऊन आला असेल तर तो त्या पकडीतून सुटूही शकतो.

या दोन गोष्टी, चेहऱ्याची पकड आणि पाहणाऱ्याच्या मनातला प्रश्न, आमच्या रत्नागिरीच्या मुलखात फार जुन्या काळापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. त्या पाहायच्या असतील तर शिमग्यात यावे.

ग्रामदेवतेच्या गाभाऱ्यात कित्येकदा मूर्ती असते, कित्येकदा नुसता पाषाण. फाल्गुनात देव गावाच्या भेटीला निघतो तेव्हा तो पाषाण हलत नाही. पालखीत बसतात ती देवाची ‘रूपे’, म्हणजे धातूचे मुखवटे. एरवी ती पेटीत, मानकऱ्यांच्या राखणीत असतात. ठरल्या दिवशी ती बाहेर निघतात, त्यांना वस्त्रे नेसवली जातात, फुले चढतात आणि ‘रूपे लागली’ ही बातमी वाडीवाडीत पोचते. रत्नागिरी शहराचा भैरी असो की एखाद्या आडगावची जाकादेवी, देवाला हात नाहीत, पाय नाहीत. आहे ते केवळ मुख. खांदेकऱ्यांचे पाय हेच त्याचे पाय. पालखी नाचते, सहाणेवर बसते, मग घरोघर फिरते. चाकरमानी मुंबईहून रजा काढून येतात ते एवढ्याचसाठी की देव अंगणात येईल तेव्हा आपण घरी असावे. पालखी दारात टेकते, घरची लक्ष्मी ओटी भरते आणि गाऱ्हाणे घातले जाते.

कलेचा विद्यार्थी या नात्याने मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. भिंतीवरच्या तसबिरीतला माणूस आपण खोलीत कुठेही गेलो तरी आपल्याकडेच पाहतो, हा लहानपणी सर्वांनी घेतलेला अनुभव आहे. विल्यम वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली या कोड्यावर निबंध लिहिला. चित्र सपाट असते. आपण बाजूला सरकलो तरी त्यातल्या नाकाचे आणि बुबुळाचे परस्परांशी असलेले नाते बदलत नाही. म्हणून समोर पाहणारा चित्रातला डोळा कोणाचीच पाठ सोडत नाही. त्याने आणखीही एक मौज दाखवली. काढलेले डोळे तेच ठेवून त्यांच्याखाली नाकाचा व तोंडाचा भाग दुसऱ्या दिशेला वळलेला बसवला तर ते डोळेच निराळीकडे पाहू लागल्याचा भास होतो. नजर एकट्या डोळ्यात नसते, ती सगळ्या मुखात असते.

मुखवटा मात्र सपाट नसतो. त्याला नाकाची उंची आहे, गालांचा गोलावा आहे. त्याच्या बाजूला गेलो की आपल्याला त्याची बाजूच दिसते आणि तो दुसरीकडे पाहत आहे हे स्पष्ट कळते. म्हणून पालखीतल्या देवाला तुमच्याकडे पाहायचे असेल तर पालखी तुमच्या दारात यावी लागते आणि तुमच्या उंबरठ्याकडे तोंड करून टेकावी लागते. तसबिरीतला देव एका जागी बसून सर्वांकडे एकाच वेळी पाहतो. पालखीतला देव एका वेळी एकाच घराकडे पाहतो. शिमग्याची सगळी पायपीट, सगळी घामाघूम, सगळे मानपान या एका गोष्टीपायी आहेत. ज्या नजरेसाठी कोणाला तरी खांदा द्यावा लागतो तिची किंमत निराळी असते. आणि पाहणाराही तेथे रिकाम्या डोळ्यांनी उभा नसतो. वर्षभराचे दुखणे, लांबलेले लग्न, न सुटलेला जमिनीचा तंटा, असा आपला प्रश्न घेऊनच तो त्या मुखापुढे उभा असतो. यार्बुसच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या पाहण्याला गाऱ्हाण्याने दिशा मिळालेली असते.

मुखाची शक्ती जाणणाऱ्या समाजाने ती शक्ती कधी मोकाट सोडली नाही, हे एकदा ध्यानात आले की आपले कितीतरी आचार नव्या उजेडात दिसू लागतात. कोकणात श्रावणापासून गणपतीच्या शाळा भरतात. पाट आणून दिलेले असतात, मूर्ती घडतात, रंगतात, पण डोळ्यांची आखणी शेवटी व्हायची. सोंड, मुकुट, पीतांबर यांवर शिकाऊ हात चालतील. डोळ्यांना मात्र मुख्य कारागीरच ब्रश लावणार. आदल्या दिवसापर्यंत जी माती होती ती त्या दोन रेषांनी एकदम आपल्याकडे पाहू लागते. शाळेच्या दाराशी घोटाळणाऱ्या पोरांना हा क्षण बरोबर ठाऊक असतो. डोळे आखलेल्या मूर्तीसमोर ती आपोआप हळू बोलू लागतात. त्यानंतरही घरी पूजेच्या वेळी नेत्रोन्मीलनाचा विधी उरतोच, आणि दीड, पाच किंवा सात दिवसांनी ते पाहणारे डोळे पाण्यात सोडून द्यायचे असतात.

सिंहलद्वीपात बुद्धमूर्तीचे डोळे रंगवण्याचा जो विधी आहे त्यात कारागीर मूर्तीकडे पाठ करतो आणि आरशात पाहून डोळे रंगवतो. उघडणाऱ्या डोळ्याची पहिली नजर थेट कोणावर पडू नये, ही त्यातली समजूत. हे वाचल्यावर मला आपल्याकडच्या लग्नातले सूनमुख आठवले. सासू नव्या सुनेचे मुख प्रथम पाहते ते आरशात! लंकेतला मूर्तिकार आणि कोकणातली सासू यांची गाठ कधी पडली नसेल. पण पहिली नजर अंगावर येऊ देऊ नये, तिला काचेतून वळवून घ्यावे, हे दोघांनाही सुचले. आणि त्याच्याही आधी, मंगलाष्टके संपेपर्यंत, वधूवरांच्या मध्ये अंतरपाट असतोच. एक हातभर कापड. पण ते दूर होते त्या क्षणी दोन चेहरे जे एकमेकांना दिसतात, ते त्या कापडावाचून तसे दिसले नसते.

यातली सर्वांत चतुर युक्ती मला तान्ह्या बाळाच्या गालावरच्या काजळाच्या तिटेत दिसते. दृष्ट लागते की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण चेहरा पाहणाऱ्याचा डोळा जखडून ठेवतो, आणि तो सोडवायचा असेल तर त्याच चेहऱ्यावर एक मुद्दाम केलेले वैगुण्य हवे, हे ज्या कोणा आईला प्रथम उमगले ती अवधानाच्या शास्त्राची पहिली पंडिता म्हणावी लागेल. चित्रकलेत ज्याला आपण केंद्र हलवणे म्हणतो तेच तिने बोटभर काजळाने केले.

आता मुखपृष्ठाकडे वळू. पालखीतल्या रूपापासून दिवाळी अंकाच्या मुखापर्यंत येणारी वाट छापखान्यातून जाते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी गावोगावच्या माजघरांत जाऊन टांगल्या गेल्या. देवाचे मुख सपाट झाले आणि स्वस्त झाले. ज्याला दारात आणावयास खांदे लागत ते आता खिळ्यावर बारा महिने राहू लागले, आणि खोलीत कुठेही गेले तरी पाहू लागले. यात लोकांचे कल्याणही झाले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही घरात देवी आली, हे विसरून चालणार नाही. १९३१ साली याच रत्नागिरीत सर्वांना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. ज्या समाजाला असे मंदिर मुद्दाम बांधावे लागले, त्यात चार आण्यांच्या तसबिरीने एका बंद दाराला किती बळ लावून फट पाडली असेल याचा अंदाज करता येतो. म्हणून सपाट चित्राच्या स्वस्ताईला नाके मुरडणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

रविवर्म्याच्या तसबिरींनी घडवलेल्या या डोळ्यांपुढे पुढे मासिके आली आणि त्यांच्यावर चितारलेली मुखे आली. मूळ गोव्याचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढला. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे तर एका पिढीने कापून, चौकटीत घालून भिंतीवर लावली. दलालांची भिस्त रेषेवर; त्यांच्या बायका उभ्या राहतात, वळतात, कंबरेवर घागर घेतात, आणि चेहरा हा त्या सगळ्या वळणाचा शेवटचा ठहराव असतो. मुळगावकरांची भिस्त त्वचेच्या झळाळीवर. तेथे मुख प्रथम आहे आणि बाकीचे शरीर व दागिने त्याच्या सेवेला. त्या काळी गंभीर साहित्याची मासिके चालवणाऱ्या मंडळींना हे सारे गुळचट वाटे, आणि मीही तरुणपणी त्याच सुरात बोललो आहे. आज तेवढ्या तोऱ्याने बोलवत नाही. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला हाक मारणे हे मुखपृष्ठाचे कामच आहे, आणि मुखाइतकी मोठी हाक दुसरी नाही. हाक मारणे हा गुन्हा नव्हे.

प्रश्न त्यापुढचा आहे. हाकेला ओ दिल्यावर पुढे काय?

येथे दोन प्रकारची मुखे वेगळी काढावी लागतात. एक मुख असे असते की ते डोळ्याला धरते आणि धरूनच ठेवते. सुंदर स्त्री, समोर रोखलेली नजर, किंचित विलग ओठ. आपण तिच्याकडे पाहतो, ती आपल्याकडे पाहते आणि गोष्ट तेथे संपते. तिच्या हातात पणती दिली काय, कमळ दिले काय किंवा आरसा दिला काय, काही फरक पडत नाही. पुष्कळदा ती पाहतही नसते, ती पाहून घेत असते. मुखपृष्ठावरच्या स्त्रीला असे वर्षानुवर्षे नुसते पाहून घेण्याच्या कामावर ठेवणे यात तिचाही अपमान आहे आणि घरातल्या ज्या स्त्रिया तो अंक हातात घेणार त्यांचाही. माजघरात दुपारी आडवी होऊन अंक चाळणाऱ्या बाईला त्या मुखात आपले मुख दिसायला हवे. दुसऱ्या कोणासाठी मांडून ठेवलेले मुख नव्हे.

दुसरे मुख डोळ्याला धरते आणि हात धरून पुढे नेते. माणसाच्या डोळ्याची घडणच यासाठी झाली असावी. दोन जपानी संशोधकांनी १९९७ साली दाखवले की बहुतेक वानरांच्या डोळ्यांतला बुबुळाभोवतालचा भाग काळपट असतो, त्यामुळे ते कुठे पाहत आहेत हे सहज कळत नाही. माणसाच्या डोळ्यात मात्र पांढरा भाग ठळक आणि भरपूर दिसतो. आपली नजर दुसऱ्यांना वाचता यावी अशीच ही सोय आहे. त्यानंतरच्याच वर्षी झालेल्या एका प्रयोगात पडद्यावरच्या नुसत्या रेषांच्या चेहऱ्याने डोळे डावीकडे वळवले की पाहणाऱ्याला डावीकडे उमटलेली खूण लवकर दिसे. या नजरेवर भरवसा ठेवू नका असे आधी बजावून सांगितले तरी हाच अनुभव येई. कोणी वर पाहू लागला की रस्त्यावरची चार माणसे वर पाहतात ना, तेच हे. म्हणजे चितारलेल्या मुखात नुसते थांबवण्याचे बळ नाही, वळवण्याचेही आहे. रविवर्म्याचे १८९३ चे एक चित्र आहे. आई कडेवरच्या मुलाला, येणारा बाप दाखवत आहे. बाप चित्रात नाही. पण त्या आईचे लक्ष ज्या दिशेला लागले आहे तिकडे आपलेही लागते, आणि चौकटीबाहेरचा तो माणूस आपण आपल्या मनाने रंगवतो. त्याच रविवर्म्याच्या समोर पाहणाऱ्या देवतांपेक्षा हे चित्र मला कलेच्या दृष्टीने वरच्या पायरीचे वाटते, ते याच कारणाने.

आणि या प्रकारच्या चित्रांचा मुकुटमणी तर आमच्या कोकणच्याच माणसाने रंगवला आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी जलरंगात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र काढले. आपल्याच कन्येला दिवाळीत दिवा घेऊन उभी असलेली पाहून त्यांना ते सुचले. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात ते आहे. कित्येक लोक अजूनही ते रविवर्म्याचे समजतात, जणू सुंदर मुखाचा मक्ता त्याच्याकडेच होता. वास्तविक रविवर्मा १९०६ सालीच वारला. या चित्रात एका हातात दिवा आहे, दुसरा हात ज्योतीला वारा लागू नये म्हणून आडवा धरलेला. ज्योत आपल्याला धड दिसत नाही. दिसतात ती तिच्या उजेडाने आतून लालसर झालेली बोटे आणि उजळलेले मुख. ती स्त्री आपल्याला पाहत नाही, आपल्याला रिझवत नाही. ती दिवा सांभाळत आहे. आपला डोळा रीतीप्रमाणे प्रथम तिच्या मुखाकडे जातो, तेथून त्या मुखावरचा उजेड त्याला खाली हाताकडे आणतो, आणि हातावरून त्या न दिसणाऱ्या ज्योतीकडे. मग कळते की आपण इतका वेळ एका सुंदर स्त्रीकडे पाहत नव्हतो, एका जपणुकीकडे पाहत होतो. लक्ष धरणे आणि लक्ष देणे यांतला भेद याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही, कारण येथे शब्दच नाहीत.

हे माप हाती घेऊन आजच्या रस्त्यावर उभे राहिले की मन खट्टू होते. कोणत्याही गावाच्या नाक्यावर पाहा, वाढदिवसाचे, निवडीचे, उत्सवाच्या शुभेच्छांचे फलक झळकत असतात. एका फलकावर वीस-वीस, तीस-तीस चेहरे. मधला मोठा, कडेचे पोस्टाच्या तिकिटाएवढे. सारे समोर पाहतात, म्हणजे सारे आपल्या मागे लागतात; एकमेकांकडे मात्र कोणी पाहत नाही. गणेशोत्सवात तर कधी कधी देवाचे मुख कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांची मुखे मध्ये असा प्रकार घडतो. आपल्या हातातल्या फोनच्या काचेवरही तेच. तेथे दर क्षणाला एक चेहरा सरकून येतो, भुवया उंचावतो, आपल्याला थांबवतो आणि काही देण्याच्या आत दुसऱ्याला जागा करून देतो. तान्ह्या बाळाला जी ओढ निसर्गाने आईसाठी दिली, तिच्यावर हा सगळा बाजार उभा आहे.

नजरेला भिऊन माणूस सरळ वागतो, असे याच्या समर्थनार्थ कोणी म्हणेल. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात चहाच्या पैशांच्या पेटीवर एका आठवड्यात फुलांचे व दुसऱ्या आठवड्यात डोळ्यांचे चित्र लावून पाहिले, तेव्हा डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला आणि फार गाजला. पण पुढे इतरांनी तसे प्रयोग केले तेव्हा दर वेळी तसेच घडले नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. जो डोळा सदा सर्वकाळ, सगळ्यांकडे, सगळ्या भिंतींवरून पाहतो त्याची भीड किती दिवस राहणार? आमच्या देवाचे रूप वर्षातून एकदा दारात येते म्हणून त्याच्यापुढे मान लवते. ते रोज नाक्यावर टांगले असते तर आपण त्याच्याखाली सायकली लावल्या असत्या.

पंढरपूरला दोन रांगा असतात, एक पायांवर डोके ठेवणाऱ्यांची आणि दुसरी मुखदर्शनाची. दुरून मुख पाहून परतणाऱ्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. एक पाहणे एवढे पुरे होऊ शकते, जर ते पाहणे चालून येऊन मिळवलेले असेल आणि पाहून झाल्यावर माणूस बाजूला होत असेल. मागच्याला जागा द्यायची असते. चित्रातल्या मुखानेही आपल्याला असेच वेळेवर पुढे सरकू द्यावे. जे मुखपृष्ठ मला अंकाच्या आत जाऊ देते ते चांगले. जे मला दारातच धरून ठेवते ते कितीही देखणे असले तरी वाईट. माझे माप एवढेच आहे.

आणि हे माप मला कोणत्याही ग्रंथातून मिळालेले नाही. ते दर दिवाळीला आपल्या घरातच हाती येते. भाऊबीजेच्या दिवशी पाट मांडतात, भाऊ बसतो, बहीण निरांजन घेऊन समोर उभी राहते. ती ज्योत त्याच्या मुखाभोवती फिरवते. तेवढ्या वेळात तिचा डोळा दुसरीकडे कुठेच नसतो. आणि त्याला मात्र ज्योतीपलीकडे तिचे उजळलेले मुख दिसत असते. वर्षभर तो कुठल्या कुठल्या गावी, ती कुठल्या कुठल्या संसारात. कोण कोणाकडे एवढे निरखून पाहतो? त्या तीन प्रदक्षिणांत भावाचे केस किती पिकले ते बहिणीला कळते, आणि बहीण किती थकली ते भावाला. मग ताम्हन खाली ठेवले जाते आणि मंडळी फराळाकडे वळतात.

हा अंक हाती घेतलात तेव्हा तुमचाही डोळा प्रथम त्याच्या मुखाकडेच गेला असेल. जाऊ द्या, तो जायचाच. पाने उलटून झाली म्हणजे मात्र एकदा मान वर करा आणि त्याच डोळ्याने घरातल्या माणसांच्या मुखांकडे पाहा. त्यांच्यापैकी कोणीतरी केव्हाचे तुमच्याकडे पाहत असेल.